शिव्हलरीच्या ‘दहा आज्ञा’ मध्ययुगातल्या नव्हेत

गुडघे टेकून बसलेला चिलखतधारी तरुण, त्याच्या खांद्यावर तलवार टेकवणारी पांढऱ्या पोशाखातली राणी, आणि खाली लांबलचक मजकूर. इंग्रजीत हा मजकूर फार वर्षं फिरतो आहे आणि आता त्याची मराठी रूपंही व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात पुढे ढकलली जातात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं:

‘शिव्हलरी म्हणजे स्त्रीदाक्षिण्य. मध्ययुगात प्रत्येक नाइट, म्हणजे चिलखतधारी घोडेस्वार योद्धा, तलवार हाती घेताना दहा आज्ञांची शपथ घेई. स्त्रीचा मान राखणं आणि दुबळ्यांचं रक्षण करणं या त्यातल्या मुख्य आज्ञा. शपथ मोडणाऱ्याचं नाइटपद काढून घेतलं जाई. राणीसाठी चिखलात झगा अंथरणं, रस्त्याने चालताना पुरुषाने वाहनांच्या बाजूला राहणं, जहाज बुडताना आधी बायका-मुलांना वाचवणं, या रीती तिथूनच आल्या. आजच्या पुरुषांनी ही परंपरा मातीत घातली.’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे. सोबतचं चित्रसुद्धा मध्ययुगातलं नाही. एडमंड ब्लेअर लेटन या इंग्रज चित्रकाराने ते १९०१ साली रंगवलं. आता एकेक मुद्दा घेऊ.

दावा: ‘मूळ अर्थ स्त्रीदाक्षिण्य’

मूळ अर्थ घोड्याशी बांधलेला आहे. अभिजात लॅटिनमध्ये घोड्याला ‘एक्वुस’ म्हणत. ‘काबालुस’ हा बोलीतला शब्द होता, ओझ्याच्या, कष्टाच्या तट्टासाठीचा. पुढे बोलीने ग्रंथांवर मात केली. काबालुसवरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये घोडेस्वारासाठी ‘काबालारिउस’ झाला, त्यातून फ्रेंच ‘शव्हालिए’, स्पॅनिश ‘काबायेरो’ आणि इटालियन ‘कव्हालिएरे’. शव्हालिएंचं जे काही ते ‘शव्हालरी’. अकराव्या-बाराव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये या शब्दाचे तीन अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात: घोडेस्वार योद्ध्यांचा जथा, घोड्यावरून लढण्याचं कसब आणि त्यातला पराक्रम, आणि हळूहळू त्या योद्ध्यांचा सामाजिक दर्जा. इंग्रजीत तो १३००च्या आसपास आला, तोही ‘स्वारांचा जथा’ हाच अर्थ घेऊन. सोळाव्या शतकात तोच शब्द इटालियनच्या वाटेने इंग्रजीत पुन्हा शिरला आणि ‘कॅव्हलरी’ झाला. म्हणजे घोडदळाची कॅव्हलरी आणि सभ्यपणाची शिव्हलरी एकाच पोटची भावंडं. तिसरं भावंड ‘शव्होशे’. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

इंग्रजीत त्या माणसाला मात्र ‘नाइट’ हे नाव मिळालं. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्त’ म्हणजे पोरगा, हाताखालचा चाकर. त्याचाच जर्मन भाऊ ‘क्नेख्त’ आजही नोकर, गडी या अर्थानेच आहे. तट्टू आणि चाकर, या दोन शब्दांपासून निघालेली ही वाट आहे. त्यावर सद्गुणांचा मुलामा नंतर चढला.

मराठीत याला समांतर उदाहरण आहे. ‘शिलेदार’ हा मूळचा फारसी ‘सिलाहदार’, म्हणजे शस्त्र बाळगणारा. मराठी लष्करात स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळालेला तो बारगीर. हा फरक चाकरीच्या अटींचा होता. आज आपण ‘चळवळीचे शिलेदार’ म्हणतो तेव्हा निष्ठा, जिद्द असं बरंच काही मनात असतं. म्हणून कुणी ‘शिलेदार या शब्दाचा मूळ अर्थच निष्ठावंत’ असं सांगू लागला तर पेशवे दफ्तर चाळणारा कुणीही त्याला थांबवेल. शिव्हलरीच्या बाबतीत तीच गल्लत झाली आहे.

‘स्त्रीदाक्षिण्य’ हा मराठी प्रतिशब्दही अर्थ फार आकसून टाकतो. संस्कृतात दाक्षिण्य म्हणजे सौजन्य, समोरच्याचं मन राखणं. नाट्यशास्त्राच्या परंपरेत ‘दक्षिण नायक’ हा एक ठरलेला प्रकार आहे: अनेक स्त्रियांवर सारखं प्रेम ठेवणारा, किंवा मन दुसरीकडे गेलं तरी पहिलीशी आदराने वागणारा. ही शृंगाराच्या वर्गीकरणातली संज्ञा. तिचा फ्रान्समधल्या घोडेस्वारांच्या युद्धनीतीशी काहीही संबंध नाही. प्रतिशब्द सोयीचा आहे म्हणून तो वापरावा, पण त्यावरून मूळ शब्दाचा इतिहास काढू नये.

दावा: ‘प्रत्येक नाइट दहा आज्ञांची शपथ घेई’

या दहा आज्ञांचा कर्ता माहीत आहे. लेओं गोतिए हा फ्रेंच साहित्येतिहासकार, कट्टर कॅथलिक, जुन्या वीरकाव्यांवर जीव असलेला माणूस. १८८४ साली पॅरिसमध्ये त्याचा शव्हालरीवरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने सगळ्या वीरकाव्यांमधून आपल्याला जाणवलेला आशय बायबलमधल्या दहा आज्ञांच्या साच्यात स्वतः बसवला. ते त्याने लपवलेलंही नाही. लपवलं ते पुढच्या नकलाकारांनी: त्यांनी त्याचं नाव गाळलं आणि यादी थेट अकराव्या शतकात नेऊन ठेवली.

गोतिएच्या दहा आज्ञा अशा. चर्चची शिकवण मान आणि तिचे नियम पाळ. चर्चचं रक्षण कर. सर्व दुबळ्यांचा आदर कर आणि त्यांचा रक्षक हो. जन्मभूमीवर प्रेम कर. शत्रूपुढे माघार घेऊ नकोस. पाखंड्यांशी अखंड आणि निर्दय युद्ध कर. देवाच्या कायद्याविरुद्ध नसतील तेवढी सरंजामी कर्तव्यं काटेकोर पार पाड. खोटं बोलू नकोस, दिलेला शब्द पाळ. उदार हो, सढळ हाताने दे. अन्याय आणि दुष्टपणा यांविरुद्ध सर्वत्र, सदैव न्यायाच्या आणि चांगल्याच्या बाजूने उभा राहा.

ही यादी दोनदा वाचावी. एक, तिच्यात ‘स्त्री’ हा शब्दच नाही. ज्या यादीचा दाखला स्त्रीसन्मानासाठी दिला जातो, तिच्यात स्त्रियांसाठी वेगळी आज्ञा नाही. त्या ‘दुबळ्यां’त धरायच्या असतील तर वाचकाने आपल्या मनाने धरायच्या. दोन, सहावी आज्ञा निर्दय धर्मयुद्धाची आहे. फिरत्या मजकुरात ती गाळलेली किंवा ‘अधर्माशी लढ’ अशी गुळगुळीत केलेली असते. चौथी आज्ञाही बघा. जन्मभूमीवरचं हे प्रेम १८७०-७१ मध्ये प्रशियाकडून हार पत्करलेल्या फ्रान्सच्या तोंडी शोभतं. बाराव्या शतकातला योद्धा मालकाला, घराण्याला आणि देवाला बांधलेला होता, आणि त्याचा मालक बदलूही शकत असे.

याच मजकुराची दुसरी आवृत्ती सतरा कलमांची आहे. ती ‘रोलाँच्या गीतातून घेतली’ असं सांगितलं जातं. सुमारे ४,००० ओळींचं ते जुनं फ्रेंच वीरकाव्य उपलब्ध आहे, त्याचे सुटसुटीत अनुवादही आहेत. त्यात अशी कोणतीही यादी नाही. काय आहे ते मात्र पाहण्यासारखं आहे. शार्लमेन राजाचा सरदार रोलाँ रणांगणावर मरायला टेकतो तेव्हा पाइनच्या झाडाखाली, स्पेनकडे तोंड करून आडवा होतो. ‘द्युरांदाल’ ही आपली तलवार शत्रूच्या हाती लागू नये म्हणून दगडावर पुन्हा पुन्हा आपटतो. ती तुटत नाही. तिच्या मुठीत संत पीटरचा दात आणि संत दनीचे केस आहेत, हे तो आठवतो. या तलवारीने जिंकलेले मुलूख एकेक करून मोजतो. फ्रान्स, आपल्या कुळातली माणसं आणि शार्लमेन राजा त्याच्या मनात येतात. शेवटी उजव्या हाताचा मोजा देवाकडे उंचावतो, जसा मांडलिकाने मालकापुढे करावा. वाङ्‌निश्चय झालेली ओद त्याला आठवतच नाही. ओदला साऱ्या काव्यात तीसेक ओळींचा एक प्रसंग मिळतो, आणि त्यात रोलाँ गेल्याचं ऐकून ती जागीच प्राण सोडते. स्त्रीसन्मानाची संहिता शोधायला याहून चुकीचं ठिकाण सापडणार नाही.

अशी कोणतीही ‘प्राचीन संहिता’ समोर आली की तीन गोष्टी विचारायच्या: हस्तलिखित कोणतं, भाषा कोणती, साल कोणतं. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मजकुरात नसेल तर तो पुढे पाठवू नये. आकडा दहा, बारा असा गोल असेल आणि कलमं सगळी आजच्या कानाला गोड लागत असतील तर आणखी सावध व्हावं. जुने दस्तऐवज असे गोड नसतात.

मग खऱ्या शपथा कशा होत्या?

होत्या, आणि त्या या यादीपेक्षा कितीतरी जिवंत आहेत. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रान्समधल्या बिशपांनी घोडेस्वारांच्या लुटालुटीला आवर घालण्यासाठी ‘देवाची शांतता’ नावाची मोहीम चालवली. शारू इथली धर्मसभा ९८९ सालची. १०२३ मध्ये बोव्हेच्या बिशपाने घोडेस्वारांकडून घ्यायच्या शपथेचा मसुदा राजापुढे ठेवला. त्यातली कलमं अशा थाटाची आहेत: मी बैल, गाय, डुक्कर, मेंढी, गाढव आणि गाढवाच्या पाठीवरचं ओझं पळवणार नाही. शेतकरी बाया-बापड्यांना, व्यापाऱ्यांना धरून खंडणी मागणार नाही, त्यांच्या चीजवस्तूसाठी त्यांना फटके मारणार नाही. मार्चच्या पहिल्या तारखेपासून सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर उजाडेपर्यंत, कुरणात चरणारे घोडे-खेचरं नेणार नाही. माझं नुकसान करताना सापडली तर गोष्ट वेगळी. आत शत्रू स्वार किंवा चोर दडला नसेल तर घर जाळणार नाही. द्राक्षवेली उपटणार नाही. नवऱ्याशिवाय प्रवास करणाऱ्या कुलीन स्त्रियांवर हल्ला करणार नाही, पण त्यांचाच काही अपराध असेल तर हे बंधन नाही.

शपथ ही अशी असते. तिच्यात पळवाटा असतात, तारखा असतात, जनावरांची नावं असतात. आणि ‘करणार नाही’ म्हणून जे जे लिहून घेतलं, ते ते घडत होतं म्हणूनच लिहून घेतलं. शेतकरी बायकांचा उल्लेख खंडणीच्या कलमात आहे, प्रवासातल्या संरक्षणाच्या कलमात नाही, हेही नजरेआड करू नये.

नाइट करण्याच्या विधीचं सविस्तर वर्णन तेराव्या शतकातल्या एका छोट्या फ्रेंच काव्यात येतं. त्यात मुस्लिम सुलतान सलादिनच्या कैदेत असलेला ख्रिस्ती सरदार तिबेरिआसचा ह्यू सलादिनला विधी समजावून सांगतो. आधी स्नान, मग निजायला सुंदर शय्या. अंगावर पांढरं वस्त्र, त्यावर लाल झगा, पायांत गडद रंगाचे मोजे, कमरेला पांढरा पट्टा, टाचांना सोनेरी आरा (घोड्याला टोचायची टोकं), शेवटी तलवार. प्रत्येक वस्तूचा अर्थ सांगितलेला आहे. लाल रंग म्हणजे धर्मासाठी सांडायचं रक्त, गडद मोजे म्हणजे ज्या मातीत जायचं आहे तिची आठवण. शेवटी मानेवर किंवा खांद्यावर एक तडाखा द्यायचा असतो, पण ‘मी तुमचा कैदी, तुमच्यावर हात कसा उगारू’ म्हणून ह्यू तेवढा गाळतो. मग चार उपदेश: खोट्या निवाड्यात आणि दगाबाजीत सामील होऊ नये, कुलीन स्त्री वा कुमारिका अडचणीत असेल तर तिला योग्य सल्ला आणि मदत द्यावी, शुक्रवारी उपास करावा, रोज चर्चमधल्या प्रार्थनेला हजर राहावं. म्हणजे स्त्रियांचा उल्लेख कुठेच नव्हता असंही नाही. तो चारांतला एक आहे, आणि तोही ‘दाम’ व ‘दामोइसेल’ यांच्यापुरता, म्हणजे गढीतल्या बायकांपुरता.

मायोर्का बेटावरचा लेखक रामोन ल्युल १२७०च्या दशकात लिहितो की हजार माणसांतून एक निवडला म्हणून तो योद्धा, आणि सर्व जनावरांत उमदा म्हणून त्याला घोडा दिला, म्हणून त्याला ‘काव्हालेर’ म्हणायचं. विधवा, अनाथ, दुबळे यांचं रक्षण हे नाइटचं काम, असं तो सांगतो. त्याच दमात हेही सांगतो की नाइटांच्या धाकामुळेच सामान्य लोक जमीन कसतात. आणि जॉफ्र्वा द शार्नी, ज्याने १३५०च्या आसपास नाइटांसाठीच पुस्तक लिहिलं आणि १३५६ साली प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचं पवित्र निशाण हातात धरूनच जो पडला, त्याचं पालुपद एकच आहे: जो अधिक करतो त्याचं मोल अधिक. दोघांची घोड्यावरची भालाझुंज चांगली, सामूहिक खेळयुद्ध त्याहून चांगलं, प्रत्यक्ष युद्ध सर्वांत चांगलं. त्याच्या लेखी प्रेम उपयोगी आहे, कारण ते नाइटला पराक्रमाला प्रवृत्त करतं. मेजवानीत आपला प्रियकर शिरताच सगळे उठून मान देतात तेव्हा त्या स्त्रीला किती आनंद होतो, याचं तो वर्णन करतो. स्त्री इथे पराक्रमाची साक्षीदार आहे. तिचे हक्क हा विषयच नाही.

अभ्यासक या काळाचे जे गुण सांगतात ते पाच: पराक्रम, निष्ठा, औदार्य, दरबारी रीत आणि ‘फ्रँशीज’, म्हणजे कुलवंत माणसाचा मोकळा बाणा. यांत औदार्य म्हणजे भीक घालणं नव्हे. जिंकलेली लूट, घोडे, वस्त्रं हाताखालच्या माणसांत सढळ वाटणं, कारण त्याशिवाय माणसं टिकत नसत.

दावा: ‘दुबळ्यांचं रक्षण’

आता ‘शव्होशे’. हाही शब्द घोड्यावरूनच आलेला, आणि मराठी वाचकाला तो ‘मुलूखगिरी’ म्हटलं की लगेच कळेल. शत्रूच्या मुलखात वेगाने घुसायचं, गढ्यांना वेढा घालत बसायचं नाही, गावं, कोठारं, गिरण्या जाळत जायचं. महसूल बुडाला की शत्रूचा राजा लढायला तरी येतो किंवा त्याची रयत तरी त्याच्यावरचा भरवसा सोडते. १३५५च्या शरदात इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, पुढे ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून गाजलेला, बोर्दोहून निघाला आणि भूमध्य समुद्राजवळच्या नार्बोनपर्यंत दक्षिण फ्रान्स जाळत गेला आणि परतला. कार्कासोनचा तटाखालचा भाग त्याने पेटवला. समकालीन त्याला शव्हालरीचा मुकुटमणी मानत, आणि त्या काळाला यात विसंगती दिसत नव्हती.

पुढच्याच वर्षी प्वातिएला त्याने फ्रान्सचा राजा दुसरा जाँ याला कैद केलं आणि त्या रात्री स्वतः उभं राहून त्याला जेवण वाढलं. हा प्रसंग शिव्हलरीचा नमुना म्हणून सांगतात आणि तो तसा आहेच. पण हिशोबही बघावा: १३६०च्या तहात या राजाची खंडणी ठरली ३० लाख सोन्याचे एक्यू. कुलीन कैदी म्हणजे चालतीबोलती रक्कम होती. शरण येणारा ‘शब्द’ देई, किंमत ठरे, पैसा गोळा करायला त्याला सोडलंही जाई. ज्याच्याकडून पैसा येण्याची शक्यता नाही त्या पायदळ शिपायाला हे संरक्षण नव्हतं. आणि गणित बदललं की कुलीनांनाही नव्हतं: २५ ऑक्टोबर १४१५ रोजी फ्रान्समधल्या अ‍ॅजिंकोर्टच्या लढाईत शत्रू पुन्हा चाल करून येईल या धास्तीने इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीने कैद्यांना मारायचा हुकूम दिला.

तरीही या वर्गाच्या आत दिलेल्या शब्दाला वजन होतं, हे नाकारणं अन्यायाचं होईल. जाँ राजाच्या बदली ओलीस ठेवलेला त्याचा मुलगा शब्द मोडून पळाला, तेव्हा राजा आपण होऊन लंडनला परत गेला आणि १३६४च्या एप्रिलमध्ये तिथेच वारला.

विल्यम मार्शल या इंग्रज नाइटचं उदाहरण तर जवळून पाहावं असं आहे. तो १२१९ मध्ये वारला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचं काव्यचरित्र लिहिलं गेलं. लिहवून घेतलं ते त्याच्याच मुलाने, म्हणजे मजकूर स्तुतीचाच. त्यात अभिमानाने सांगितलंय की त्याने आणि त्याच्या जोडीदाराने पेंटेकॉस्टपासून (ईस्टरनंतरचा सण) लेंटपर्यंत (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) खेळयुद्धांमध्ये १०३ नाइट पकडले. पकडलेल्याचा घोडा आणि साज पकडणाऱ्याचा. एकदा वाटेत त्याला पळून चाललेलं जोडपं भेटतं: एक संन्यासी आणि कुलीन घरातली मुलगी. ती रडत असते. मार्शल तिची भावाशी गाठ घालून द्यायची तयारी दाखवतो. मग संन्यासी सांगतो की जवळ ४८ पौंड आहेत, ते व्याजाने लावून पोट भरू. चर्चच्या लेखी व्याज हे पाप, म्हणून ते ऐकताच मार्शल पैसे काढून घेतो आणि दोघांना वाट मोकळी करून देतो. पुढे तो ही रक्कम सोबत्यांसमोर ओततो, तर ते रागावतात: घोडे आणि सामान का सोडलं? मृत्युशय्येवर कुणीतरी सुचवतं की खेळयुद्धांत मिळवलेलं परत केल्याशिवाय मुक्ती नाही. त्याचं उत्तर असं की मी ५०० नाइट पकडले, त्यांची शस्त्रं, घोडे ठेवून घेतले. त्यासाठी स्वर्गाचं दार बंद होणार असेल तर माझा इलाज नाही. हा त्या काळचा ‘जगातला सर्वोत्तम नाइट’. त्याला भला किंवा लुटारू ठरवण्याची घाई करू नये. त्याच्या लोकांना त्याच्यात काय भलं वाटलं, ते समजून घ्यावं.

शेतकरी स्त्रियांबद्दल तर बोलायलाच नको. बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस कापेलानुसने दरबारी प्रेमावर लॅटिनमध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात कुलीन स्त्रीशी कसं बोलावं याची पानंच्या पानं आहेत. शेतकरीण आवडली तर? चार गोड शब्द बोलावेत आणि थोडी जबरदस्ती करावी. काही अभ्यासक या ग्रंथाला उपरोध मानतात. उपरोध धरला तरी तो वाचकाला कळावा इतकी ही वागणूक ओळखीची होती, एवढं उरतंच.

इंग्रज लेखक मॅलरीच्या दंतकथेतल्या आर्थर राजाच्या कथेत, जी मुद्रक कॅक्स्टनने १४८५ साली छापली, नाइट दरवर्षी पेंटेकॉस्टला शपथ घेतात. तीत स्त्रियांना साहाय्य करणं आहे आणि त्यांच्यावर बळजबरी न करणं आहे, मृत्युदंडाच्या धाकासह. स्त्रियांविषयीच्या शपथेचा सर्वांत ठोस पुरावा हाच. पण तो मध्ययुग मावळतानाचा आहे आणि कथेतल्या राजाच्या दरबारातला आहे.

दावा: ‘शपथ मोडली की नाइटपद जाई’

पदच्युतीचा विधी होता, पण तो मुख्यतः राजद्रोहासाठी. १३२३ मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइलचा अर्ल (सरदार) अँड्र्यू हार्क्ले याने स्कॉटलंडच्या राजाशी परस्पर तह केला. त्याची तलवार काढून घेतली, टाचांच्या आरा तोडल्या आणि मग देहदंड दिला. एखाद्या स्त्रीशी उद्धट वागला म्हणून आरा तोडण्याची अशी रीत नव्हती.

उलट तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये अनेकांना नाइटपद नकोच असे. घोडे, चिलखत, विधीचा खर्च, वर ज्युरी आणि सरकारी कामांचा ससेमिरा. म्हणून १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डने वर्षाला २० पौंडांचं जमीन उत्पन्न असणाऱ्यांना नाइट होण्याची सक्ती केली, आणि टाळणाऱ्यांकडून दंड वसूल केला.

दावा: ‘झगा, फुटपाथ, जहाज’

वॉल्टर रॅले या दरबाऱ्याने इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीसाठी चिखलात झगा टाकल्याची गोष्ट टॉमस फुलरच्या १६६२ सालच्या पुस्तकातून पसरली. तोवर रॅलेला जाऊन ४४ वर्षं झाली होती. रॅले मध्ययुगातला नाहीच. फुटपाथच्या रीतीला आधी फुटपाथ हवा. लंडनमध्ये कडेचे फरसबंद पदपथ पद्धतशीर झाले ते १७६२च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानंतर.

‘आधी बायका-मुलं’ हा सागरी कायदा कधीच नव्हता. त्याची ख्याती २६ फेब्रुवारी १८५२ रोजी दक्षिण आफ्रिकेजवळ बुडालेल्या ‘बर्कनहेड’ या जहाजापासून सुरू होते. तिथे सैनिक डेकवर रांगेत उभे राहिले आणि बायका-मुलांची होडी सुखरूप गेली. ‘टायटॅनिक’वर १९१२ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया वाचल्या आणि पुरुषांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा. पण स्वीडनच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली १८ जहाजबुडींमधल्या १५,०००हून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा एकंदरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी वाचल्याचं आणि खलाशी सर्वांत जास्त वाचल्याचं दिसलं. बर्कनहेडच्या सैनिकांचं शौर्य त्याने तसूभरही उणं होत नाही. ते त्यांचं होतं. त्याला कुठल्या मध्ययुगीन संहितेचा टेकू लागत नाही.

मग स्त्री मध्यभागी कधी आली?

बाराव्या शतकातल्या दरबारी कथांनी बी पेरलं, हे खरं. पण आज आपण ज्या अर्थाने शिव्हलरी म्हणतो तो घडला अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. १७९० मध्ये ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्कने लिहिलं की फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या क्रांतीतल्या अपमानाला उत्तर म्हणून दहा हजार तलवारी म्यानातून उसळायला हव्या होत्या. शिव्हलरीचं युग संपलं, असंही तो म्हणाला. त्याच वर्षी मेरी वोल्स्टनक्राफ्ट या इंग्रज लेखिकेने त्याला जाहीर उत्तर दिलं. राणीसाठी अश्रू आणि गरीब बायकांच्या हालांकडे पाठ, हा तिचा आक्षेप. शिव्हलरी फक्त वरच्या वर्गातल्या बाईला दिसते, हे तिने इतक्या आधी ओळखलं होतं. १८१८ मध्ये वॉल्टर स्कॉटने विश्वकोशासाठी शिव्हलरीवर प्रदीर्घ लेख लिहिला, आणि त्याच्या कादंबऱ्यांनी ती घराघरांत नेली. १८३९च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या अर्लने खरीखुरी चिलखतं घालून खेळयुद्ध भरवलं. अफाट गर्दी लोटली आणि पहिल्याच दिवशी मुसळधार पावसाने सगळ्यांना चिखलात लोळवलं. अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले स्वतःच्या वर्गालाच ‘द शिव्हलरी’ म्हणवून घेत. त्यांच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलाम स्त्रियांची या शब्दात जागा नव्हती. ‘दरबारी प्रेम’ ही संज्ञाही गास्तों पारी या फ्रेंच विद्वानाने १८८३ साली रूढ केली, गोतिएच्या आज्ञांच्या एक वर्ष आधी.

हिंदुस्थानात हा चष्मा कर्नल जेम्स टॉडने आणला. १८२९ ते १८३२ मध्ये निघालेल्या राजस्थानच्या इतिहासात त्याने राजपुतांना युरोपीय सरंजामशाही आणि शिव्हलरीच्या चौकटीत बसवलं. इंग्रजी शिकलेल्या पिढीने ते उचललं, आणि त्यातल्या कथा मराठी-बंगाली लेखनात उतरल्या. आपल्याकडे ‘शिव्हलरी’ ओळखीची वाटते याचं एक कारण हे आहे.

दावा: ‘आजच्या पुरुषांनी परंपरा मातीत घातली’

ही तक्रार बर्कचीही होती. पण ती त्याहून सहाशे वर्षं जुनी आहे. ११८०च्या सुमारास फ्रेंच कवी क्रेतिएं द त्र्वा आपल्या एका आर्थरकथेच्या सुरुवातीलाच लिहितो की पूर्वीचे प्रेमिक सभ्य, शूर आणि उदार असत, आता प्रेमाचं नुसतं नाव उरलं आहे. त्याच पिढीतला पीटर ऑफ ब्ल्वा हा धर्मगुरू एका पत्रात नाइटांवर तोंडसुख घेतो. यांच्या ओझ्याच्या घोड्यांवर लोखंड नसतं, दारू असते. भाल्यांऐवजी चीजचे गोळे, तलवारींऐवजी मद्याच्या पखाली, बरच्यांऐवजी मांस भाजायच्या सळ्या. आणि ढाली म्हणाल तर सोन्याने मढवलेल्या, रणातून एक ओरखडाही न उमटता परत येणाऱ्या.